लागली की लागली

माझ्या लघवीच्या पिशवीला आमच्या घराचं कुलूप ओळखता येतं. शाळेतून निघताना काही नसतं, कळमेश्वरच्या स्टँडवर उतरताना काही नसतं, भाजी घेऊन गल्लीत शिरेपर्यंतही सगळं ठीक असतं. पर्समधून किल्ली बाहेर आली की मात्र अशी घाई होते की सांभाराची जुडी एकीकडे आणि चपला दुसरीकडे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वय ५४, पाळी जाऊन चारेक वर्षं झाली. "बाई, एक नंबरला जाऊ?" असं विचारणाऱ्या पोरांना मी नोकरीभर "थांब, एवढं गणित होऊ दे" म्हणत आले. आता गणित अर्धं टाकून मीच फळ्यापासून निघते आणि पहिल्या रांगेतला एक गडी मागच्यांना जाहीर करतो, "बाईंना लागली."

सुरुवातीला मीच माझी डॉक्टर झाले. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला. शुगर असेल म्हणून गोड बंद केलं, तेही आंब्याच्या दिवसात. कशानंच काही होईना, तेव्हा मी मूळच तोडायचं ठरवलं. प्यायलेल्या पाण्याचीच लघवी होते ना, मग पाणीच कमी प्यायचं. विदर्भातल्या मे महिन्यात हा प्रयोग करायला फार शिकलेलं असावं लागतं. लघवी गडद पिवळी झाली, जळजळायला लागली, पोट साफ होईना. घाई होती तिथेच होती, उलट थोडी वाढली. दाट लघवी पिशवीला आतून टोचते आणि आतड्यात साठलेला मळ तिला बाजूने दाबतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर मी वर्गातल्या मुलींना "भरपूर पाणी पीत जा गं" असं सांगत होते आणि स्वतःची बाटली भरलेलीच घरी नेत होते.

दुसरा उपाय नकाशाचा. कळमेश्वरहून नागपूरला जाताना फेटरीपासून काटोल नाक्यापर्यंत कुठे पेट्रोल पंप आहे, कुठल्या दुकानातली बाई ओळखीची आहे, कुठे आत जाता येतं आणि कुठे नुसतं दार आहे, हे मला पाठ झालं. बाहेर पडताना लागो न लागो, एकदा जाऊनच निघायचं. पोचल्यावर पुन्हा, परत निघताना पुन्हा. या विषयाला कोर्टकचेरीचाही इतिहास आहे, हे मला एका जुन्या अंकात वाचून समजलं. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. विद्या बाळ यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं तर मुंबई उच्च न्यायालयात याचिकाच केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायचे आदेश दिले. वाचून मला धीर आला. पण स्वच्छतागृह चार पावलांवर असूनही पोचता येत नसेल, तर तिथे कोर्ट काय करणार?

कारण तसंच झालं. नात्यातलं लग्न होतं, मंगल कार्यालय प्रशस्त, बाथरूम स्वच्छ, फक्त दाराशी बायकांची रांग. मी रांगेत उभी होते, आतून कुणीतरी नळ सोडला, त्या आवाजासरशी माझा ताबा सुटला. थोडीच, पण झाली. साडी रेशमी, रंग फिका. एका ओळखीच्या बाईंनी ओला डाग पाहिला तेव्हा मी म्हटलं, "पन्हं सांडलं." त्या इतक्या भल्या की लगेच धावत जाऊन माझ्यासाठी पन्ह्याचा दुसरा पेला घेऊन आल्या. तो त्यांच्यासमोर पूर्ण प्यावा लागला.

त्यानंतर दवाखाना गाठला. नेहमीचे डॉक्टर पुरुष, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, बाकावर गावातली ओळखीची माणसं. "काय त्रास आहे?" म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "पोटात कसंतरी होतं." त्यांनी पोट दाबलं, जेवणाच्या वेळा विचारल्या. मी गॅसच्या गोळ्या घेऊन घरी आले. आठवडाभर नेमानं घेतल्याही. त्यांचा दोष कसला काढणार? सांगितलं त्याचंच औषध मिळालं.

शेवटी नागपूरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई गाठल्या. माझी गाडी पोटावरच अडली होती, पण त्यांनी सरळ विचारलं, "घाईची लागते का? थांबवता येते? रात्री किती वेळा उठता? खोकलताना, शिंकताना गळते, की लागल्यावर पोचेपर्यंत गळते?" या दोन गळण्यांत फरक असतो हे मला ठाऊकच नव्हतं. खोकलताना, वजन उचलताना गळते तिथे खालचा आधार सैल पडलेला असतो. आधी घाई आणि मग गळती, तिथे पिशवीच वेळेआधी आकसत असते. काहींना दोन्ही असतं. माझं दुसरं. किल्ली आणि नळाची गोष्ट मी खाली बघत सांगितली, तर त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडे रोजचं आहे. कुलपात किल्ली घालताना लागणं तर पुस्तकातच आहे." मला वाटत होतं, ही तऱ्हा माझ्या एकटीची.

मग तपासण्या. लघवी साधी तपासली, जंतूंसाठी कल्चरला टाकली, रक्तातली साखर पाहिली. जंतू असले किंवा साखर वाढलेली असली तरी अशीच घाई होते, म्हणून ते आधी बाजूला काढतात. लघवीत रक्त, ताप, दुखणं, लघवी अडणं, पायात अचानक बधिरपणा असं काही आहे का, हेही त्यांनी दोनदा विचारलं. तसं असतं तर प्रकरण वेगळं आणि तातडीचं झालं असतं. माझं सगळं साफ निघालं. मग म्हणाल्या, "आता सोनोग्राफी. लघवी भरून या."

ज्या बाईला लघवी धरता येत नाही, तिला लघवी धरून सोनोग्राफीला बसवतात. बाकावर माझ्या शेजारी एक गरोदर मुलगी होती, तीही पाणी पीत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसत होतो, मग माझं हसणं थांबलं. मी काउंटरवर जाऊन सांगितलं, "आता माझी फुटेल." त्यांनी मला आधी आत घेतलं. पोटावर थंडगार जेल, वर यंत्र, आणि तिथले डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, अजून भरली नाही. शंभर मिलिच्या आसपास आहे. बाहेर बसा, पाणी प्या."

शंभर मिलि म्हणजे चहाचा एक कप. माझा विश्वासच बसेना. मी त्यांना पुन्हा बघा म्हटलं, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. चिंचोळा काळा डाग होता, तीच माझी फुटायला आलेली पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिलि सहज मावतं, दीडशे-दोनशेला पहिली जाणीव होते आणि त्यानंतरही आरामात थांबता येतं. इतके दिवस मी जिला पोचवायला धावत होते, ती बहुतेक वेळा अर्धीही भरलेली नसायची. त्या दिवशी दुसऱ्यांदा आत जाण्याआधी मी बाथरूममध्ये जाऊन आले, त्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागलं. गरोदर मुलगी केव्हाच घरी गेली होती. लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा बघतात, आत किती उरली ते. माझ्या आत जवळजवळ काही उरत नव्हतं, आणि ही चांगली बातमी होती. खूप उरत असेल तर औषधाचा सगळा विचारच बदलतो.

डॉक्टरबाईंनी कागदावर एक फुगा काढला. त्याच्या भिंतीत डिट्रुसर नावाचा स्नायू असतो, म्हणजे पिळणारा स्नायू, असं मी वहीत लिहून घेतलं. पिशवी भरेपर्यंत त्यानं ढिलं पडून राहायचं आणि मेंदूनं हो म्हटलं की आकसायचं. माझा मेंदूला न विचारताच आकसत होता. "ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर," त्या म्हणाल्या. मी लिहिलं, अतिउत्साही पिशवी. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करून "बाई मी, बाई मी" करणारं एक पोरगं प्रत्येक वर्गात असतं, तसं मला ते वाटलं. अशा पोराला उत्तर येतच असतं असं नाही.

आणि पाळीचा संबंध काय? मूत्रमार्ग, पिशवीचा तळ आणि योनीमार्ग यांच्या अस्तराला इस्ट्रोजेनची सवय असते. पाळी गेली की ते घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि पिशवी हळवी होते. सगळा दोष पाळीवर टाकू नका, असंही त्या म्हणाल्या. वय, वजन, मधुमेह, बद्धकोष्ठ, मज्जातंतूंचे आजार, काही औषधं, यांचाही हात असतो. काहींना नक्की कारण सापडतच नाही. "पण वयाप्रमाणे चालायचंच, असं मात्र समजू नका," त्या म्हणाल्या. मी हेच वाक्य तोंडाशी आणून बसले होते. गिळलं.

औषधाआधी मला गृहपाठ मिळाला. तीन दिवस नोंदवही ठेवायची: किती वाजता गेले, किती मिलि झाली, घाई किती होती, गळली का, काय आणि किती प्याले. मी मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि सुट्टीचे दिवस निवडले, शाळेत ते भांडं घेऊन फिरणं मला जमलं नसतं. धुऊन बाथरूमच्या खिडकीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर हे त्यातून कूलरमध्ये पाणी ओतत होते. "चांगला मग आणला तू. किती पाणी टाकलं ते कळते." मी काहीच बोलले नाही. रात्री सांगितलं. त्यांनी कूलर रिकामा केला, धुतला, पुन्हा भरला, आणि मग पहिल्यांदा विचारलं, "त्रास आहे का तुले? किती दिवसांपासून?" गोड बंद केलं तेव्हा त्यांना शुगरचं कारण सांगून ठेवलं होतं, हे मी विसरलेच होते.

वही वाचताना मीच चकित झाले. मोठ्ठे आकडे फक्त सकाळचे. बाकी दिवसभर कप, पाऊण कप, त्यातले निम्मे "निघायचंय, जाऊन येऊ" म्हणून केलेले. चहाच्या प्रत्येक कपानंतर पाऊण-एक तासात ओळ भरलेली, आणि दुपारी, पाहुण्यांबरोबर, संध्याकाळी मिळून चहा किती होतो, हे मी आजवर मोजलंच नव्हतं. चहातलं कॅफिन लघवीही वाढवतं आणि पिशवीलाही डिवचतं. उगाच जाऊन येण्याची सवय तर तिला थोडक्यातच हाक मारायला शिकवते. मी चहा अर्ध्यावर आणला आणि पाणी वाढवलं, तेही दिवसा जास्त, रात्री झोपायच्या आधी दोन तास घोटभर. डॉक्टरबाईंनी माझे घोटे दाबून पाहिले. दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीत उतरतं, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ पाय वर घेऊन पडायला सांगितलं. स्वयंपाकाच्या वेळी बाई पाय वर करून पडली, हे आमच्या घरात नवीनच होतं.

मुख्य शिकवणी पुढे होती: लागली की पळायचं नाही. पळताना पोट हलतं, मन घाबरतं, पिशवी आणखी आकसते. जिथे असू तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, खालचे स्नायू दोन-चारदा पटपट आवळायचे, लक्ष दुसरीकडे न्यायचं. ओढ चढते, टोकाला जाते आणि ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जायचं. सुरुवातीला दोन फेऱ्यांत तासाभराचं अंतर, मग जमेल तसं दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची, तीन-चार तासांपर्यंत. पहिल्या वेळी मी स्वयंपाकघरात थांबले, डोळे मिटले, आणि लक्ष दुसरीकडे न्यायला नेमका समोरचा गळका नळ निवडला.

त्यावर मी पाढ्यांचा तोडगा काढला. बेचे-तीनचे पाढे तोंड आपोआप म्हणतं, मन मोकळंच राहतं. म्हणून औटकी घेतली, साडेतीनचा पाढा, जो आमच्या वडिलांना यायचा आणि मला धडपणे येत नाही. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. साडेसतराला मी अडखळते, पुढे काय ते आठवण्यात अख्खा जीव गुंततो. एका दुपारी साडेचोवीसला पोचले आणि लक्षात आलं, ओढ गेलेली आहे. नुसती कमी नाही, गेलीच. मी आनंदानं वर्गात "झालं!" असं ओरडले. पोरांनी वह्या मिटल्या.

आवळायच्या व्यायामाला केगल म्हणतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये त्याबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव. ओटीपोटाच्या तळाशी पुढून मागे झोळीसारखे स्नायू आहेत, ते आत आणि वर ओढायचे, पाच-दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. मी हे कुणाला न दाखवता महिनाभर केलं. फरक नाही. मग फिजिओथेरपीच्या बाईंनी हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलता आहात." म्हणजे महिनाभर मी नेटानं उलटा व्यायाम केला होता. श्वास रोखायचा नाही, पोट आणि ढुंगण ताणायचं नाही, आणि लघवी करताना मध्येच अडवून सराव तर करायचाच नाही. सगळं मी करत होते. आता हजेरी घेताना करते, कुणाला कळत नाही. फक्त एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही रागावल्या का?"

एवढं करूनही रात्रीचं उठणं राहिलंच, तेव्हा औषधं आली. एक मलम, इस्ट्रोजेनचं, योनीमार्गात लावायचं: आधी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. हार्मोन म्हटल्याबरोबर मला कॅन्सर दिसला. पण ही मात्रा फार थोडी, काम तिथल्या तिथे, रक्तात नगण्य उतरतं. मात्र स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फरक दिसायला काही आठवडे जातात. दुसरी गोळी, सॉलिफेनासिन, पिशवीला शांत करणारी. तिनं पिशवीबरोबर माझं तोंडही कोरडं केलं. कविता शिकवताना जीभ टाळूला चिकटायची, म्हणून पाणी प्यायचे, म्हणून लागायची. बद्धकोष्ठही झालं. काचबिंदू असलेल्यांनी या जातीच्या गोळ्या विचारून घ्याव्या लागतात, आणि फार वयस्कर माणसांत त्या विसरभोळेपणा वाढवू शकतात. मग ती बदलून मिराबेग्रॉन दिली, वेगळ्या वाटेनं स्नायू सैल करणारी. तोंड कोरडं पडत नाही, पण रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो मोजत राहायचा. त्याही पुढे घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलके विजेचे झटके आणि पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं असतात. बोटॉक्स म्हणजे नट्यांच्या सुरकुत्यांचं, एवढंच मला माहीत. माझी पिशवी अजून त्या थाटाला पोचलेली नाही.

या आषाढात थोरल्या जाऊबाईंबरोबर धापेवाड्याला गेले. आमच्याच तालुक्यातलं, चंद्रभागेच्या काठचं विठ्ठलाचं देऊळ, विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. मधली काही वर्षं मी गुडघ्याचं कारण सांगून टाळत होते. दर्शनाची रांग लांब, वरून पावसाची भुरभुर. अर्ध्यावर आलो तशी ओढ लागली. मी जागच्या जागी उभी राहिले, आवळलं, औटकी सुरू केली. जाऊबाईंना वाटलं मी जप करते आहे. ओढ ओसरली, रांग सरकली, मी डोळे उघडले, तर जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडलेला आणि त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"काय झालं?"

"काही नाही वो. मले ना... जाऊ दे."

"लागली का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात शिवी दिली. मग हळूच म्हणाल्या, "तुले कसं कळलं?"

मी त्यांना रांगेतच थांबवलं, पळू नका म्हटलं, कसं आवळायचं ते कानात सांगितलं. आत आणि वर, खाली नाही. मग पाढ्याचं सांगितलं. त्यांनी विचार केला.

"मले औटकी येत नाही. दोनाचा चालते का?"

"नाही चालत, तो तुम्हाला पाठ आहे. एकोणतीसचा म्हणा."

"एकोणतीसचा?" त्या म्हणाल्या. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे... थांब. सांगू नको."